‘ओतोर्रिनो...’ आणि पुढे घसा अडतो

“ताई, नमस्कार. मी चिंचवडला राहते, वय २६. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं काम इथल्या ऑफिसात रात्रपाळीला चालतं, तिथे स्पॅनिश बोलणाऱ्या ग्राहकांचे फोन माझ्याकडे येतात. दोन वर्षं क्लास केलाय. छोटे शब्द जमतात, लांबलचक शब्द आला की बोबडी वळते. परवा एका बाईंना विचारायचं होतं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेला होतात का. ‘ओतोर्रिनोलारिंगोलोगो’ हा शब्द मी तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा मध्येच अडकले. बाई म्हणाल्या, ‘कोमो?’ मागे टीम लीडर फिदीफिदी हसला. वहीत सगळे शब्द देवनागरीत लिहून ठेवलेत, तरी हे असं. त्याच आठवड्यात एका मेक्सिकन काकांना ‘पैसे भरलेत का?’ या अर्थी ‘पागो?’ असं विचारलं, तर ते खो-खो हसत म्हणाले, ‘सी, पोर फावोर!’ त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. शब्द कुठे तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा, हे एकदा नीट सांगाल का? ‘आत्लेता’ हा शब्द ॲप एका जागी तोडतं, आमच्या मॅडम दुसऱ्या जागी. बरोबर कोण? आणि मला प्लीज ‘तू’च म्हणा. ‘तुम्ही’ म्हटलं की कोर्टात उभी असल्यासारखं वाटतं.

— रात्रपाळीवाली

ता. क. त्याच काकांनी ‘पारांगारिकुतिरिमीक्वारो’ एका दमात म्हणून दाखव, असं आव्हान दिलंय. हे काय प्रकरण आहे?”

प्रिय रात्रपाळीवाली,

बरं, तूच म्हणते.

आधी काकांचं हसू उलगडते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची किल्ली तिथेच आहे. ‘पागार’ म्हणजे पैसे भरणं. त्यातल्या ‘पागो’ या रूपात जोर ‘पा’वर दिलास तर अर्थ होतो ‘मी भरते’. जोर ‘गो’वर दिलास (लिहिताना त्या ओच्या डोक्यावर तिरकी रेघ येते) तर अर्थ होतो ‘त्याने भरले’. समोरच्याला आदराने विचारत असशील तर तेच रूप ‘तुम्ही भरलेत’ या अर्थाने चालतं, कारण स्पॅनिशमधल्या आदरार्थी ‘उस्तेद’ला क्रियापद ‘तो-ती’चंच लागतं. तू प्रश्नाचा सूर बरोबर लावलास, पण जोर ‘पा’वर ठेवलास. म्हणजे विमा कंपनीत बसून तू ग्राहकाला विचारलंस, “मी भरू का पैसे?” काका म्हणाले, “हो, भर की, कृपा होईल!” कोण नाही म्हणेल?

जोर चुकला आणि अर्थ उलटला, ही गोष्ट आपल्याकडेही फार जुनी आहे. इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला आणि मंत्रातल्या ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला. ‘इंद्राला मारणारा’ म्हणायचं होतं, झालं ‘इंद्र ज्याला मारणारा आहे असा’. मग वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच हा दाखला दिला आहे. वैदिक स्वर हा सुराच्या चढउताराचा, स्पॅनिशमधला आघात जोराचा, एवढा फरक धरून चाल. मराठीत आता तसं काही उरलेलं नाही. ‘बटाटा’मधल्या कुठल्याही अक्षरावर जोर दिलास तरी बटाटा तो बटाटाच राहतो. त्यामुळे आपल्या कानाला जोराकडे लक्ष द्यायची सवयच नसते. तुझं नशीब की चूक काकांसमोर झाली, त्वष्ट्यासारखी होमासमोर नाही.

आता तुझी वही.

ती फेकून दे असं मी सांगणार नाही. मीही सुरुवातीला सगळं देवनागरीतच लिहायची. पण देवनागरीची एक खोड ओळखून ठेव. ती एकत्र आलेल्या व्यंजनांचं गाठोडं करते आणि पुढच्या स्वराच्या गळ्यात बांधते. ‘पुस्तक’ आपण लिहितो पु, स्त, क असं. बोलताना मात्र तू ‘पुस्-तक’ म्हणतेस, ‘पु-स्तक’ नाही. शाळेत वृत्तांना लघू-गुरू लावायचीस, तेव्हा बाई सांगायच्या ना, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू धरायचं? ते याचसाठी. जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागे सरकून आधीच्या अक्षराला चिकटतं, म्हणून ते जड होतं. आणि लगेच अपवादही सांगायच्या: ‘तुम्ही’मधला तु लघूच राहतो, कारण ‘म्ह’ फुटत नाही, अख्खा पुढे जातो.

स्पॅनिश शब्द तोडायची निम्मी विद्या एवढीच आहे. कुठलं जोडाक्षर ‘पुस्तक’सारखं फुटतं आणि कुठलं ‘तुम्ही’सारखं अख्खं पुढे जातं, हे ओळखायचं. डोळ्यांचं ऐकलंस की फसशील, कानाचं ऐकलंस तर बहुतेक वेळा तरशील. बहुतेक वेळा म्हणते, कारण एके ठिकाणी कानही दगा देतो. ते पुढे येईलच.

मोठ्याने म्हणून बघ: दर्या आणि दऱ्या. समुद्राचा ‘दर्-या’ आणि डोंगरातल्या ‘द-ऱ्या’. किंवा ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’. लग्नघरात या दोन वाक्यांची अदलाबदल झाली तर जेवणाची पंचाईत व्हायची. फरक सगळा शब्द कुठे तुटतो त्याचा आहे, आणि तो दाखवायला मराठीने रफारापासून वेगळा असा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र राखून ठेवला आहे.

तू अडकतेस ती नेमकी इथेच. वहीत ‘ओतोर्रिनो’ लिहिलंस, डोळ्याला रफार दिसला आणि जिभेने दर्या केला: ओ-तोर्-रि. आता जिभेला दोनदा र काढायचाय, त्यातला पहिला तुकडा बंद करताना आणि दुसरा उघडताना. तिथेच ती अडखळते. खरं तर तो दऱ्यांचा मामला आहे. स्पॅनिशमध्ये दोन ‘आर’ शेजारी लिहिले तरी ध्वनी एकच, जिभेचं टोक वरच्या दातांमागे थरथरवून काढलेला जाड र, आणि तो अख्खा पुढच्या तुकड्यात जातो: ओ-तो-र्रि-नो. ‘तो’ उघडाच ठेवायचा. मग दोन आर लिहितातच कशाला? शब्दाच्या सुरुवातीचा र स्पॅनिशमध्ये नेहमीच जाड असतो, तिथे एका आरवर भागतं. गेंडा ‘रिनोसेरोन्ते’ एकाच आरने लिहितात. पण ‘रिनो’, म्हणजे नाक, ‘ओतो’ म्हणजे कानाच्या मागे येऊन बसलं की तो र दोन स्वरांच्या मध्ये सापडतो. तिथे एकटा आर पातळ होतो, म्हणून जाडी टिकवायला दुसरा आर जोडतात.

बाय द वे, शब्दाचा क्रम पाहिलास का? ओतो कान, रिनो नाक, लारिंगो घशातलं स्वरयंत्र. आपल्या कान-नाक-घशाच्या पाटीवर आहे तोच क्रम. शब्दाला घाबरतेस, पण तो तू रोज रिक्षातून वाचतेस.

आता कान दगा देतो ते ठिकाण. प, ब, क, ग, फ यांच्यापुढे र किंवा ल आला, किंवा त, द यांच्यापुढे र आला, तर ती जोडी स्पॅनिशमध्ये फुटत नाही. आपण ‘चक्र’ म्हणतो ते ‘चक्-र’ असं, ‘पुत्र’ म्हणतो ते ‘पुत्-र’ असं. त्याच सवयीने पुस्तकाच्या ‘लिब्रो’ला आपण ‘लिब्-रो’ करतो. तिकडे तो ‘ली-ब्रो’ आहे. वडिलांचा ‘पाद्रे’ तसाच ‘पा-द्रे’. हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि पाद्री झाला. शेती म्हणजे ‘आग्रिकुल्तूरा’: आ-ग्रि-कुल्-‘तू’-रा. (जोराचा तुकडा मी असा अवतरणात लिहिते, पुढेही तसंच समज.) हा शब्द लिहिताना मला वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवतात. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत पोचला आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागला, मक्यावर संशोधन करू लागला. आपल्या मराठी जिभेने तेही सुरुवातीला ‘आग्-रि’च म्हणाले असतील, अशी माझी आपली कल्पना.

या बारा जोड्या सोडल्या तर बाकी सगळं पुस्तकासारखं. दोन व्यंजनं आली तर एक मागे, एक पुढे. तीन-चार आली तर आधी शेवटी न फुटणारी जोडी आहे का बघ. असेल तर ती पुढे पाठव, उरलेलं मागे ठेव. बांधकामाचा ‘कोन्स्त्रुक्स्योन’ देवनागरीत भयंकर दिसतो, पण तो तीनच घासांचा आहे: कोन्स्-त्रुक्-‘स्योन’. म्हणून वहीत एवढी एक सुधारणा कर, गाठोडी बांधायची बंद कर. मागे राहणाऱ्या व्यंजनाचा पाय मोड आणि मग आडवी रेघ मार. पाय मोडलेला कधी पुढे चालत नाही, एवढं लक्षात ठेवलंस की झालं.

‘स’पुढे व्यंजन असेल तर स मागेच जाणार, कायम. स्पॅनिशमध्ये तुकड्याची किंवा शब्दाची सुरुवात ‘स्ट’, ‘स्क’ने होतच नाही. आपल्याकडे जुनी माणसं ‘इस्टेशन’, ‘इस्कूल’ म्हणायची आणि शिकलेली पोरं त्यांना हसायची. स्पॅनिश लोकांनी नेमकं तेच केलं आणि शब्दकोशात छापलं: एस्-ता-‘स्योन’, एस्-‘क्वे’-ला. आजोबांची माफी मागायची तर हे चांगलं निमित्त आहे.

‘आत्लेता’चं भांडण एका वाक्यात मिटतं: ॲपही बरोबर आणि मॅडमही बरोबर. स्पेनच्या बहुतेक भागात ‘आत्-ले-ता’ म्हणतात, मेक्सिकोत ‘आ-त्ले-ता’. मेक्सिकोत मुळातच नावात्ल भाषा बोलणारे लोक होते, त्यांच्या तोंडात ‘त्ल’ हा एक ध्वनी. टोमॅटोचा मूळ शब्द त्यांचाच, ‘तोमात्ल’. माद्रिदच्या रेआल आकादेमियाला, म्हणजे १७१३ साली स्थापन झालेल्या त्यांच्या भाषा अकादमीला, दोन्ही चालतं. तुझे ग्राहक अमेरिकेतले, त्यात मेक्सिकन बरेच असणार, तेव्हा तू ‘आ-त्ले-ता’ म्हण.

व्यंजनं झाली. स्वरांचं मला फार सांगावं लागणार नाही, कारण तू यणसंधी शिकली आहेस. इति अधिक आदि, इत्यादि. सु अधिक आगत, स्वागत. इ आणि उ हे हलके स्वर, पुढे दुसरा स्वर आला की स्वतःचं घर सोडून य आणि व होऊन त्याच्याकडे राहायला जातात. स्पॅनिशमध्ये अगदी हेच. ‘सिएते’ लिहितात, म्हणतात ‘स्ये-ते’, तुकडे दोनच. दाराचा ‘प्वेर्-ता’ही दोनच. आ, ए, ओ हे मात्र मानी स्वर. दोघे शेजारी आले तरी आपापलं घर सोडत नाहीत. वाचणं म्हणजे ‘ले-एर’, दोन तुकडे. विमानतळ ‘आ-ए-रो-प्वेर्-तो’, आणि यात दोन्ही नियम एकाच शब्दात पाहून घे. पटपट बोलताना लोक ते ‘ले-एर’ जवळजवळ एकत्र करतात, पण मोजताना दोनच मोजायचे.

आणि हलक्या स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ असेल तर? तर ती रेघ सांगत असते, ‘इथे संधी करू नका.’ हे तुझ्या कामात रोज लागेल. औषधाचं दुकान ‘फार्-मा-स्या’, तीन तुकडे, जोर ‘मा’वर. पोलीस ‘पो-लि-सी-आ’, चार तुकडे, जोर ‘सी’वर. शेवटची अक्षरं दोन्हीकडे हुबेहूब सारखी, फरक फक्त त्या एका रेघेचा. आपल्याकडची मारिया तिकडे ‘मा-री-आ’ होते ती यामुळेच.

तुकडे पडले, आता जोर. याचा नियम तू लहानपणापासून दोन शब्दांत बाळगून आहेस: बटाटा आणि पगार. दोन्ही पोर्तुगीजांनी आणले, आणि पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण. ‘बाताता’ स्पॅनिशमध्येही आहे, फक्त तिथे ते रताळं आहे. ‘पागार’ तर तसाच्या तसा. शब्द स्वराने संपतो तेव्हा जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर: बा-‘ता’-ता. व्यंजनाने संपतो तेव्हा जोर शेवटच्यावर: पा-‘गार’. आपण ‘पगार’मध्ये गा कसा लांबवतो बघ, जोरही तिथेच आहे. योगायोग म्हण हवं तर.

व्यंजनांमध्ये न आणि स यांना सूट आहे. त्यांनी संपणारा शब्द स्वरान्त असल्यासारखाच वागतो. हे पाठ करायला लावतात, कारण मात्र सहसा सांगत नाहीत. कारण साधं आहे. स हा अनेकवचनाचा प्रत्यय, न हा ‘ते करतात’चा. घर ‘का-सा’, घरं ‘का-सास’. गातो ‘कान्-ता’, गातात ‘कान्-तान’. शेपूट लागलं म्हणून जोर उडी मारत नाही, म्हणून न आणि स यांना मोजणीतून वगळलं.

आणि ज्या शब्दाचा जोर या हिशेबात बसत नाही, त्याच्या त्या तुकड्यावर तिरकी रेघ येते. तिला ‘तिल्दे’ म्हणतात. म्हणजे वाचणाऱ्याने अंदाज करायची वेळच येत नाही. रेघ असेल तर तिथे जोर, नसेल तर शेवटचं अक्षर बघायचं. इंग्रजीत अनोळखी शब्दाचा जोर कुठे, हे विचारायला कोणाकडे तरी जावं लागतं. स्पॅनिश त्या बाबतीत सज्जन भाषा आहे. तीन अर्थांचा एक नमुना देते: ‘तेर्-मि-नो’ वर जोर पहिल्या तुकड्यावर असेल तर तो मुदत, शेवट किंवा संज्ञा, दुसऱ्यावर असेल तर ‘मी संपवते’, तिसऱ्यावर असेल तर ‘त्याने संपवलं’. पॉलिसीबद्दल बोलताना हे तिन्ही तुझ्या एकाच फोनमध्ये येऊ शकतात.

प्रकारांची नावं परीक्षेत विचारतात. शेवटच्यावर जोर तर ‘आगुदा’, त्याआधीच्यावर ‘याना’, शेवटून तिसऱ्यावर ‘एस्द्रूहुला’. गंमत अशी की ‘आ-गू-दा’ हा शब्द स्वतः आगुदा नाही, याना आहे. ‘एस्-द्रू-हु-ला’ मात्र नावाला जागते. शेवटून तिसऱ्यावर जोर असलेल्या प्रत्येक शब्दावर रेघ असतेच, अपवाद नाही. त्याच्याही मागे जोर जाणारे शब्द बहुतेक क्रियापदाला सर्वनामं चिकटवून होतात. ‘ते मला पुन्हा सांगा’ हे एका शब्दात ‘रे-पी-ता-मे-लो’, जोर ‘पी’वर. मूळ ‘रे-पी-ता’त जोर तिथेच होता. मागे दोन डबे जोडले, इंजिन हललं नाही, म्हणून रेघ मारावी लागली. हा शब्द पाठच करून टाक. ओळ खराब असेल तेव्हा लागेल, आणि स्वतः अडखळलीस की विचार करायला दोन सेकंद मिळवायलाही.

आता तुझा डॉक्टर. तुकडे नऊ: ओ-तो-र्रि-नो-ला-रिन्-‘गो’-लो-गो. रेघ आहे, शेवटून तिसऱ्यावर.

सुरुवातीपासून म्हणायचा प्रयत्न सोड. तू पुढून सुरू करतेस, पाचव्या तुकड्यापर्यंत दम आणि धीर दोन्ही संपतात, आणि जोराचा तुकडा तर सातवा आहे. उलट्या बाजूने बांध. आधी नुसतं ‘गो’-लो-गो. वीस वेळा म्हण. ‘गोलगो’ नाही हं. मराठी जीभ मधला नाहीतर शेवटचा स्वर खाते, ‘बटाटा’चा स्वर खात नाही पण ‘कमळ’चा खाते, आणि भराभर बोलताना ‘लो’चा ओ गिळलाच म्हणून समज. स्पॅनिशमध्ये बिनजोराच्या तुकड्यालाही त्याचा पूर्ण स्वर द्यायचा, फक्त धक्का द्यायचा नाही. ते बसलं की मागे एक जोड: रिन्-‘गो’-लो-गो. मग ला-रिन्-‘गो’-लो-गो. असं मागे मागे सरकत ओपर्यंत जा. जोर शेवटून मोजायचा असतो, मग शब्दही शेवटाकडून बांधावा. दर वेळी तोंड ओळखीच्या प्रदेशाकडे जातं, अनोळखी अंधारात नाही. भजनात टाळ वाजतो तसा टेबलावर बोटाने ठेका धर, नऊ ठोके एकसारख्या अंतराने, आणि सातवा जरा जोरात. एकसारखा ठेका धरणं आपल्याला इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा सोपं जातं, ते बिचारे अर्धे स्वर चावून टाकतात.

एकदा हा जमला की त्याची भावंडं फुकट मिळतात, पण जोराची जागा बदलते तेवढी बघ. डॉक्टर ‘...रिन्-गो-लो-गो’, जोर ‘गो’वर. शास्त्र ‘...रिन्-गो-लो-ही-आ’, जोर ‘ही’वर, आणि तिथे संधी नाही, त्यामुळे तुकडे दहा. त्या शास्त्रासंबंधीचं काही असेल तर ‘...रिन्-गो-लो-हि-को’, जोर ‘लो’वर, पुन्हा दहा. हृदयाचे, त्वचेचे, डोळ्यांचे, अशा बऱ्याच डॉक्टरांचे शब्द याच साच्यातले आहेत. एक पक्का केलास की रुग्णालयाची अख्खी पाटी वाचता येईल.

आणि आता गुपित, जे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, पण मग तू पुढचं वाचलं नसतंस. रोजच्या बोलण्यात स्पॅनिश लोकसुद्धा एवढा लांब शब्द क्वचितच वापरतात. ते ‘ओतोर्रिनो’ म्हणतात आणि मोकळे होतात. चार तुकडे, स्वराने संपतो, रेघ नाही, म्हणून जोर ‘र्रि’वर. पुढच्या वेळी त्या बाईंना हेच विचार. लांब शब्द फॉर्मवर लिहिण्यासाठी ठेव.

तुझ्या कामात सगळ्यात जास्त लागणारा लांब शब्द मात्र डॉक्टरांचा नाही. तो आहे ‘दुर्दैवाने’: दे-सा-फोर्-तु-‘ना’-दा-‘मेन्’-ते. क्लेम नामंजूर झाल्याचं सांगताना वाक्याची सुरुवात यानेच होणार. एका शब्दात जोर एकच, या शिस्तीला ‘मेन्ते’ लावून केलेले शब्द हा मोठा अपवाद आहे. मूळ विशेषण आपला जोर सोडत नाही आणि ‘मेन्’ला स्वतःचा मिळतो. म्हणून विशेषणावर रेघ असेल तर ती शेपटी लागल्यावरही राहते, नसेल तर येत नाही. इथे नाही. हा शब्द सावकाश म्हण, दोन्ही जोर नीट दे. पैसे मिळणार नाहीत हे ऐकणाऱ्याला निदान तुझं बोलणं घाईचं वाटू नये.

टीम लीडरचं काय करायचं ते तू विचारलेलं नाहीस, म्हणून मीही सांगत नाही. त्याला एकदा ‘एस्-ता-दोउ-नि-देन्-से’ म्हणायला सांग. अर्थ नुसता ‘अमेरिकन’.

आता ता. क. काकांचं आव्हान हे एक जुनं जीभवळण आहे, आपल्या ‘कच्चा पापड, पक्का पापड’च्या जातीचं. त्यामागे खरं गाव आहे, मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातलं पारांगारिकुतीरो. २० फेब्रुवारी १९४३ रोजी तिथे जवळच एका मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि पारीकुतिन नावाचा नवा ज्वालामुखी वर येऊ लागला. तो १९५२ पर्यंत धगधगत होता. गाव लाव्हाखाली गेलं, चर्चचा मनोरा मात्र काळ्या दगडांतून अजून वर डोकावतो. जीभवळणात त्या नावाला आणखी शेपूट लावून लांबवलंय: पा-रान्-गा-रि-कु-ति-रि-‘मी’-क्वा-रो. दहा तुकडे. ‘क्वा’मध्ये यणसंधी, रेघ ‘मी’वर. सगळे र एकटे आणि पातळ, म्हणून हा तुझ्या डॉक्टरापेक्षा सोपा आहे. शेवटाकडून बांध: ‘मी’-क्वा-रो, रि-‘मी’-क्वा-रो...

काकांचा फोन पुन्हा आला की आधी हा म्हणून दाखव. मग त्यांना उलट आव्हान दे, कॉन्स्टँटिनोपलच्या आर्चबिशपचं आर्चबिशपपण काढून घेण्याचं: दे-सार्-सो-बिस्-पो-कोन्स्-तान्-ति-नो-पो-लि-‘सार’. बारा तुकडे, र ने संपतो, रेघ नाही. जोर कुठे ते तुला आता माहीत आहे. आणि हो, हप्त्याचं विचारायचं राहिलंच असेल ना? पा-‘गो’?